बैलाची माफी

कन्हैयालाल सेठ आणि बद्रीनाथ यांची ओळख झाली त्या दिवशी आष्टीच्या बाजारातली निम्मी जनावरं दावी तोडून परतूरकडे पळाली आणि कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं, असं सांगतात. घडलं ते एवढंच, की बद्रीनाथच्या हौशा नावाच्या बैलाने सेठच्या दुकानातल्या गुळात तोंड घातलं. मुंगी आडवी आली तर वाट बदलणारे सेठ. पण त्यांनी संतापून बैलाच्या पाठीत तराजूची दांडी हाणली. वर बद्रीनाथला म्हणाले, "जनावर उपाशी ठेवतोस. माणूस न्हाईस तू, दगड हायेस."

बैलाला बहुधा माशी बसल्यासारखं वाटलं. दगड मात्र बद्रीनाथला लागला.

संवत्सरीचा उपास सुटला की जैन माणूस वर्षभरात दुखावलेल्या जिवांची क्षमा मागतो. त्या सकाळी सेठ थेट गोठ्यात आले. बद्रीनाथ छाती फुगवून उभा राहिला. सेठ त्याला वळसा घालून बैलापुढे गेले आणि हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले.

"अन् माझं काय, सेठ?"

"त्याला नाहक मारलं. तुला खरं बोललो. खऱ्याची माफी कशी मागू?"

मग दरवर्षी हेच. बैलाची माफी, बद्रीनाथच्या बायकोच्या, तुळजाबाईंच्या हातचा चहा आणि दुपारपर्यंत भांडण. त्या दिवशी बद्रीनाथ घोटून दाढी करी.

हौशा म्हातारा झाला. नांगरटीला ट्रॅक्टर आला. तुळजाबाई म्हणाल्या, "इका आता. एवढी पेंड जावयाला घातली असती तर त्यानं नांगर वढला असता."

बद्रीनाथ हूं म्हणे आणि पेंड भिजवायला जाई. बैल गेल्यावर सेठ कोणासाठी येतील, हे बायकोला कसं सांगावं?

शेवटी एका उन्हाळ्यात हौशा गेलाच. संवत्सरी सरली, तशी बद्रीनाथ दाढी करून रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन बसला. उगाच.

सेठ आले. खुंट्याकडे बघत राहिले. मग बद्रीनाथकडे वळून त्यांनी हात जोडले.

"बिनकामाच्या जनावराला मरेपर्यंत बसून खाऊ घातलंस. तुला दगड म्हणाल्तो, ते बिलकुल खोटं निघालं. मिच्छामि दुक्कडम्."

'बैलासाठी न्हाई, सेठ, तुमच्यासाठी,' हे बद्रीनाथच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांनी हाती आलेली माफी कोण परत करतो?

"चहा टाक गं," तो आत बघून म्हणाला.

पुढच्या वर्षी सेठ मुलाकडे, रजतकडे, जालन्याला राहायला गेले. त्यांची क्षमा आता रजतच्या मोबाइलवरून सगळ्यांना एकदमच जाते. बद्रीनाथचा नंबर त्यात नाही; त्याची माफी तर मागून झालीय.