घंटी वाजली की घास

कुमुदताईंच्या प्रज्ञाचा फोन आला तेव्हा माझ्या कुकरमध्ये बटाटे होते. दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या सायकलच्या मंडळींना भोरकडे जायचं होतं आणि वाटेत खायला उकडलेले, मीठ-जिरं लावलेले छोटे बटाटे नेण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला आणि जरा वेळाने पुन्हा लावला, कारण बटाटे कच्चे राहिले असते आणि कच्चे बटाटे कुमुदताईंनी खपवून घेतले नसते... आता या गोष्टीला महिना होऊन गेला, पण माझं ते वागणं मला अजूनही वेडगळ वाटत नाही.

कुमुद रणपिसे हे नाव पेपरात कधी आलं नाही. त्या येरवड्यात राहायच्या, सरकारी कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आणि ज्या वयात आमच्यासारख्या बायका जिना बघून सुस्कारा टाकतात त्या वयात सायकलने महाबळेश्वरला जायला लागल्या. पाय तसे बऱ्याच जणांचे चांगले असतात. पण लांबच्या पल्ल्यावर शरीराला काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं, हे इतकं नेमकं कळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुण्यातल्या सायकलवाल्यांना एक जुना रोग आहे. पहाटे घोटभर चहावर निघायचं, भूक राखून ठेवायची आणि मुक्कामी पोचलं की मिसळीवर तुटून पडायचं. मी कसब्यातली, त्यामुळे हा रोग मला जन्मजात. पहिल्याच रविवारी मी रिकाम्या पोटी कात्रजचा जुना घाट चढायला घेतला. अर्ध्यात पायांतलं त्राण गेलं ते गेलंच, वर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कठड्यावर बसून मी ठरवलं की सायकल विकून टाकायची, आपल्याच्याने काही म्हणजे काही होत नाही. तेवढ्यात एक उंच, सावळ्या बाई शेजारी येऊन थांबल्या.

"नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही हो."

"सासूशी?"

"नाही."

"मग हे खा." हातात एक बटाटा ठेवला. "रडावंसं वाटलं की आधी खायचं. खाल्ल्यावरही वाटलं, तर खुशाल रडायचं."

मी खाल्लं. थोड्या वेळाने जग पुन्हा बरं दिसायला लागलं आणि मला स्वतःचाच राग आला. इतका वेळ मी जे दुःख म्हणून कवटाळून बसले होते, ती साधी भूक होती. ताई म्हणाल्या, त्या स्वतः एकदा खंबाटकीच्या पायथ्याशी अशाच बसल्या होत्या आणि आयुष्य फुकट गेलं या निष्कर्षापर्यंत पोचल्या होत्या. एका केळ्याने तो निष्कर्ष बदलला.

तेव्हापासून मी त्यांच्या मागोमाग जायला लागले. त्यांच्या सायकलला पितळी टोपीची जुनी घंटी होती. थोड्या थोड्या वेळाने त्या ती दोनदा वाजवायच्या आणि ती वाजली की प्रत्येकाने तोंडात काहीतरी टाकायचंच. भूक असो वा नसो. भूक लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम चढाचा. चढ दिसला की आधी खाऊन घ्यायचं, चढ लागल्यावर नाही. आणि उतारावर तोंड बंद, हात ब्रेकवर. आदल्या रात्री वरण-भात. मटण रविवारी दुपारी, घरी आल्यावर. खिशात खजूर आणि तुपात भाजलेली दशमी, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मिसळीला त्यांचा विरोध नव्हता, परतीच्या शेवटच्या टप्प्यावर त्या आमच्याइतक्याच चवीने खायच्या, वर तर्री मागून घ्यायच्या. आमच्यातला आयटीवाला समीर एकदा परदेशी जेलची पाकिटं घेऊन आला. "ताई, हे ट्राय करा, इन्स्टंट एनर्जी आहे." त्यांनी एक पाकीट टूथपेस्टसारखं पिळून चाखलं. "छान आहे," म्हणाल्या, "फक्त ब्रश विसरलास." तरी पुढच्या वेळी स्वतःहून दोन पाकिटं मागून घेतली, कारण वरंध्याच्या चढात ती उपयोगी पडतात हे त्यांनी पाहिलं होतं. कुठल्याच गोष्टीचा त्यांना सोवळेपणा नव्हता.

गेल्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. दैवाला विनोदबुद्धी असेल, तर ती फार हलक्या दर्जाची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना खायला लावणाऱ्या बाईला अन्नाचा वास सहन होईना. डॉक्टरांनी सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध देता येणार नाही. प्रज्ञा, त्यांची मुलगी, पेजेची वाटी घेऊन तासतास बसायची आणि ताई भिंतीकडे तोंड करायच्या. आईवर ओरडायचं कसं, हे त्या पोरीला कळत नव्हतं. मी ओरडून पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही.

एक दिवस निघताना पॅसेजमध्ये त्यांची सायकल दिसली, धुळीने भरलेली. मी प्रज्ञाकडून पाना मागितला, घंटी काढली, आत गेले आणि त्यांच्या कानाशी ती दोनदा वाजवली. ताईंनी डोळे उघडले. आधी कपाळाला आठी पडली, मग हसल्या.

"अगं, रस्ता तरी कुठला आहे?"

"चढ आहे," मी म्हटलं. "खाऊन घ्या."

त्यांनी एक चमचा पेज घेतली. जरा वेळाने घंटी, पुन्हा एक चमचा. पुढे दुधात कुस्करलेली दशमी, मऊ भात. उलटी झाली तर शांतपणे तोंड धुवायच्या आणि मला म्हणायच्या, "वाजव." शरीराला न आवडणारं काम त्याच्याकडून रागावल्याशिवाय कसं करून घ्यायचं, हे मी त्या दिवसांत पाहिलं. घाटातसुद्धा त्या मला इतक्या मोठ्या वाटल्या नव्हत्या. वजन टिकलं. पुढचं औषध मिळालं, त्याच्या पुढचंही. मध्यंतरी एका सकाळी त्या सायकलवरून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन आल्या आणि दिवसभर त्याच गुर्मीत होत्या.

मग पुन्हा उतरण लागली. शेवटचं भेटले तेव्हा त्या खूप हलक्या झाल्या होत्या. मी सवयीने घंटी वाजवली, वाटी पुढे केली. त्यांनी माझा हात धरला आणि वाटी माझ्याकडेच वळवली.

"माझा आता उतार आहे, अगं. उतारावर कोण खातं? चढ तुझा आहे, तू खा."

मी नाही म्हटलं. त्या वाट बघत राहिल्या, घाटात मागे राहिलेल्याची बघायच्या तशाच. शेवटी त्यांच्यासमोर मी ती बेचव पेज संपवली. तेव्हा कुठे त्या कूस वळवून झोपल्या.

त्या गेल्यावर प्रज्ञाने घंटी मला दिली. पुढच्या रविवारी ती माझ्या सायकलला लावून मी मंडळींबरोबर निघाले. कात्रजपर्यंत कुणी काही खाल्लं नाही, कारण कुणी वाजवलीच नाही, आणि माझा अंगठा तिच्यावर जायला तयार नव्हता. घाटात त्याच कठड्यापाशी माझे पाय गेले, डोळे भरले. मी उतरले, खिशातून बटाटा काढला, सावकाश चावून खाल्ला आणि थांबले. पायांत हळूहळू जीव आला. डोंगर, रस्ता, खालचं शहर, सगळं नीट दिसायला लागलं.

रडू मात्र तिथेच होतं. म्हणजे ही भूक नव्हती. मग मी कठड्यावर बसून पोटभर रडले, आणि उठून घंटी दोनदा वाजवली.