गावरान कोणती, गिरिराज कोणती

आमच्या लातूरकडच्या गावात कोंबडीची जात कुणी विचारत नसे. कोंबडी ती कोंबडी. 'गावरान' हा शब्द मी चाकणला आल्यावर नीट ऐकला. गावात सगळंच गावरान, मग त्याला वेगळं नाव कोण कशाला देईल? इथं मात्र अंडं हातात घेतलं की माणूस आधी विचारतो, "गावरान हाय ना?" आणि समोरचा छातीवर हात ठेवून खोटं बोलतो. मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं. पुढं याच प्रश्नानं माझी झोप उडवली.

माझा नवरा एका कंपनीत प्रेस शॉपला कॉन्ट्रॅक्टवर होता आणि मी वायरिंगच्या लाइनीवर. एमआयडीसीच्या भिंतीला लागून एका जुन्या शेतकरी घराची जागा होती. तिच्यावर भाड्यानं द्यायला पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ काढलेली, त्यातली एक आमची. मालकीण म्हातारी, विधवा. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काच्या जिभेला हाड नव्हतं. आम्हा भाडेकरूंसाठी तिच्याकडं एकच शब्द होता, 'बाहेरचे'. नळ चालू राहिला, "बाहेरच्यांचं असंच." कुणाचं मूल अंगणात बसलं, "बाहेरच्यांना वळण न्हाई." मी एकदा वैतागून म्हटलं, "आक्का, नावं ठेवायला तेवढे बाहेरचे आणि भाडं घ्यायला आम्ही घरचे, होय?" ती तोंडावर पदर धरून हसली, पण शब्द काही सोडला नाही.

संसार मांडून द्यायला माझी माय माझ्यासोबत आली होती. मांडीवर दुरडी, दुरडीत कोंबडी. एसटीत कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं तर माय म्हणाली, "कामून? सीटवर बसलीय का ती?" गाडीभर लोक हसले. ती कोंबडी अंगानं हलकी, तांबूस, ठिपक्याठिपक्यांची. माय म्हणाली, "लेकीला रिकाम्या हातानं धाडत नसतात. हिच्या मागं खुराडं भरंल तुझं."

आक्काच्या स्वतःच्या जुन्या कोंबड्या आदल्या वर्षी रोगात मेल्या होत्या. एकही वाचली नव्हती. मग तिनं सरकारी वाटपातली पिल्लं आणली होती, जाड, रंगीत, पिवळ्याधमक पायांची. इथं जाड नि रंगीत कोंबडी दिसली की तिला गिरिराजच म्हणतात, मग ती कोणतीही असो. मायची कोंबडी या गिरिराजांत मिसळली. ती अंड्यांवर बसली, पिल्लं काढली, पुन्हा बसली, पुन्हा काढली. पिल्लं मोठी होऊन आक्काच्या कोंबड्यांत अशी मिसळली की कोण कुणाची ते मलाही सांगता येईना. मग एके दिवशी मुंगसानं मायच्या कोंबडीला नेलं. मी फोनवर रडले. माय म्हणाली, "पिल्लं हायत ना मागं? मग कामून रडायलीस?"

आणि मग माय गेली. शिफ्टला आम्हाला फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुटी झाल्यावर फोन उघडला तर भावाचे कॉलच कॉल. गाडी करून निघालो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मायचं तोंड मला दिसलं नाही. तिची लुगडी तेराव्याला वाटून झाली. माझ्या वाट्याला एक आलं, ते मी नेसत नाही, घडी तशीच आहे. भाऊ-भावजय वाईट नाहीत. पण माय नसलेल्या घरी जाऊन बसायचं कुणापाशी?

परत आल्यावर मी त्या कोंबड्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मायच्या हातचं जिवंत असं माझ्याजवळ एवढंच होतं. तिच्या कोंबडीचं रक्त त्या खुराड्यात कुणात तरी होतं, आणि कुणात ते मला ओळखता येत नव्हतं.

तशातच आक्काच्या थोरल्यानं जागा गोडाऊनसाठी विकली. खोल्या रिकाम्या करायच्या. आम्ही देहूरोडच्या अलीकडं गुंठाभर जागेत दोन खोल्या बांधत होतो, त्यामुळं आम्हाला जायला ठिकाण होतं. आक्काला धाकटा मुलगा मारुंजीला त्याच्या फ्लॅटमध्ये नेणार होता, वरच्या मजल्यावर. तिथं कोंबड्या चालणार नव्हत्या. आक्का मला म्हणाली, "तुझी आसंल ती तू घे. बाकीच्या चिकनवाल्याला देऊन टाकायच्या."

चुकीची उचलली तर मायची कोंबडी चिकनवाल्याच्या तराजूत जाणार, आणि मी दुसरीच कुणीतरी मांडीवर घेऊन घरी जाणार. सगळ्याच का नाही नेल्या, असं कुणीही विचारेल. नवरा तेच म्हणाला, पण गुंठ्यात आम्ही राहायचं की कोंबड्यांनी? आणि आक्काही काही सगळ्या फुकट सोडणारी नव्हती.

मग मी जात ओळखण्याच्या मागं लागले. लाइनीवरच्या एकीनं मोबाइलवर फोटो टाकून बघायला सांगितलं. मोबाइलनं आमच्या एका मळकट कोंबडीला विलायती ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिचाच दुसरा फोटो टाकला तर ती कोंबडा निघाली. कुणी म्हणालं तुरा बघ, कुणी म्हणालं पाय बघ, पिवळे तर सरकारी, काळपट तर गावरान. एकीचा तुरा गावरान तर पाय सरकारी. एकीचं सगळं गावरान, पण अंडं सरकारीसारखं मोठं. चिकनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, जात शिजवल्यावर कळते. कुकरच्या शिट्ट्या मोजून दमलात की समजायचं गावरान." त्याच्या दुकानात उभं राहून मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी काही न घेता परत आले.

शेवटी मी एक निवडली. अंगानं हलकी, ठिपक्यांची, अगदी मायच्या कोंबडीसारखी चालणारी. तिला मी वेगळे तांदूळ टाकायचे. एक जाडी लाल कोंबडी होती, ती हटकून मध्ये घुसायची, तिला मी हुसकून लावायचे. "तू गिरिराज, तू तिकडं मर," म्हणायचे.

आक्का बाजेवर बसून हे बघत होती. म्हणाली, "ही ठिपकी तुझी, कशावरनं?"

"दिसते की तशी."

"दिसण्यावर जाऊ नगं बाई. रंग काय, बापाचाबी येतो. आमच्यात एकच पारख. जी खुडूक बसंल ती गावरान. सरकारी कोंबडी अंडं टाकती आन् निघून जाती. तिला बसाय येत न्हाई, तिच्या आईलाबी येत नव्हतं. माझ्या गावरान तर समद्या रोगात मेल्या. आता हितं कुणी बसलीच, तर ती तुझ्या मायच्या कोंबडीची. दुसरी कुणाची आसायची?"

एवढं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसण्याची ओढ लागलेली कोंबडी. अंग फुगवते, दाणा विसरते, जवळ गेलं तर खुडखुडते. मी वाट बघत राहिले. ठिपकीनं अंडी दिली, एकाही अंड्याकडं वळून बघितलं नाही. एकेक भाडेकरू सामान भरून निघून गेला. आमचं सामानही बांधून झालं. कुणीच बसेना. मी मनात म्हटलं, संपलं, ते मुंगसाबरोबरच संपलं होतं, मीच वेडी.

आणि एका सकाळी टोकाच्या रिकाम्या खोलीतून खुडखुड ऐकू आली. कुणीतरी टाकून गेलेल्या पोत्यांवर अंग फुगवून ती बसली होती. जाडी लाल.

मी दारातच खाली बसले. जिला मी रोज हुसकत होते ती. मी हात पुढं केला तर तिनं चोच मारली, रक्त काढलं, आणि मायची कोंबडी अगदी अशीच चोच मारायची. मी आक्काला हाक मारली. ती भिंतीला धरत आली, बघितलं आणि म्हणाली, "बघ. रूप बापाचं, गुण आईचा."

आता खरी पंचाईत होती. खुडूक कोंबडीला जागेवरून उचलली तर ती बऱ्याचदा बसणं सोडून देते आणि अंडी वाया जातात. आणि थोरल्याचा जेसीबी अंगणात येऊन उभा होता. त्याला सुरुवात त्याच टोकाकडून करायची होती, कारण वाट तिकडूनच होती. मी त्याला 'भाऊ' म्हणून हात जोडले. तो म्हणाला, "वहिनी, एका कोंबडीसाठी काम थांबवू व्हय? उचला की."

तेवढ्यात आक्कानं आपली बाज ओढत आणली, त्या खोलीच्या दारात टाकली आणि तीवर बसली.

"आये, ऊठ तिथनं," थोरला म्हणाला.

"लेक बाळंतपणाला आली तर तिला हुसकून लावत्यात व्हय रे?"

"आये, कोंबडी हाय ती."

"आसंल. आन् मला कुठं न्हिऊन टाकताय, ते तरी मला इचारलं का तुमी दोघांनी?"

ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला. मीही मान खाली घातली. इतके दिवस मी माझ्या मायच्या कोंबडीसाठी जीव टाकत होते आणि या बाईचं अख्खं घर जात होतं, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. थोरल्यानं तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि जेसीबी फिरवून दुसऱ्या टोकाला नेला.

अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. तेवढ्यात आमचं निघणं लांबलं, जेसीबी येत-जात राहिला आणि एकेक खोली पडत गेली. प्रत्येक धक्क्याला जमीन हादरायची. आभाळ गडगडलं की अंडी नासतात म्हणून अंड्यांत लोखंड ठेवायची रीत आहे. आक्काला ढगांची भीती नव्हती, जेसीबीची होती. तिनं माझ्या नवऱ्याकडं लोखंड मागितलं. त्यानं टूलबॉक्समधून एक जुना गंजका बोल्ट काढून दिला. आक्कानं तो कपाळाला लावला आणि हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवला. त्या हाताला मात्र कोंबडीनं चोच मारली नाही.

काही अंडी नासली. काही फुटली. बाहेर आलेली पिल्लं सगळ्या रंगांची होती, कारण त्या पोत्यांवर इतर कोंबड्यांचीही अंडी पडलेली असणार. माझ्या मनात आता निवडायची काही इच्छा राहिली नव्हती. लालीला आणि पिल्लांना दुरडीत घातलं. ठिपकीलाही घेतलं, तिला मी खाऊ घातलं होतं, तिला चिकनवाल्याकडं कुठं धाडू? टेम्पो आला.

आक्का बाजेवर बसून होती. तिच्या मागं आता ती एकच खोली उभी होती. मी पाया पडले. वाटलं काहीतरी तोडून बोलेल. ती दुरडीकडं बघत म्हणाली, "तुझ्या तिथं आंगण हाय ना?"

"आहे आक्का. लहान आहे."

"मारुंजीला न्हाई." मग म्हणाली, "माझं म्हायेर कवाच बुडालं. हे घर हुतं, तेबी गेलं. मला चार दिस म्हायेरपणाला न्हेशील का गं?"

मी घाईघाईनं म्हटलं, "अहो कधीही या की आक्का, तुमचंच घर आहे."

"कवाबी न्हाई." तिचा आवाज नेहमीसारखा कडक झाला. "न बोलावता लेक म्हायेरी जात नसती. न्यायला मुराळी यावा लागतो. तू ये."

लेकीला माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी. बाप जातो, भाऊ जातो. माय गेल्यापासून मला न्यायला कुणी आलं नव्हतं, आणि ही मला बाहेरची म्हणणारी बाई मलाच मुराळी व्हायला सांगत होती. टेम्पोवाला हॉर्न देत राहिला, मी तिथंच तिचे हात धरून रडले.

येते म्हणून आधी फोन करून दिवाळीच्या पाडव्यानंतर मी मारुंजीला गेले. गेटवर रखवालदारानं वही पुढं केली आणि विचारलं, कुणाकडं, काय काम? मी म्हटलं, "लेकीला न्यायला आलेय." त्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं. वर दार उघडलं तर आक्का लुगडं नेसून, पिशवी भरून, दाराशीच खुर्ची टाकून बसलेली. सून म्हणाली, "सकाळपासून अशाच बसल्यात."