बदाम टाकणाऱ्यांना फोन लावणारी माझी आत्या

फेसबुकवर बदाम टाकून पुढे सरकणाऱ्यांना माझी आत्या फोन लावायची.

बेबीआत्या आज पहाटे गेली.

इंदिरानगरमध्ये तिला सगळे ओळखतात, बाकीच्यांसाठी सांगते. आत्या एसटीत कंडक्टर होती. बरीचशी नोकरी सुरगाण्याच्या गाडीवर काढली. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून तिकीट काढायचा.

रिटायर झाल्यावरही ती सुरगाण्याला जात राहिली. तिथल्या एका पाड्यावर सीताबाई नावाची तिची मैत्रीण. गाडीतच जमलेली मैत्री.

एका दिवाळीनंतर आत्या तिथून परत आली ती गप्पच. आत्या आणि गप्प!

"मनू, शाळा रिकामी झाली गं. जीपा भरभरून माणसं खाली द्राक्षबागांच्या कामाला गेली. पोरंही सोबत. परत येतील तेव्हा निम्मं विसरलेली असतील."

पाड्यावरच्या आज्या नातवंडांना ठेवून घ्यायला तयार होत्या. रांधायलाही तयार होत्या. पण इतक्या मुलांना एकत्र निजवायला पक्की जागा कुठे होती?

एक हॉल, एक चूल, पांघरुणं. पुढच्या दिवाळीच्या आत. बस्स.

मी डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. म्हटलं, आत्या, हे माझ्यावर सोड.

मी रील केलं. डोंगर, धुकं, अनवाणी पाय, मागे बासरी.

तुफान चाललं! शेअर्स, जोडलेले हात, बदामच बदाम. "ग्रेट वर्क!" "हार्ट टचिंग!"

आत्याने चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

"बदाम छान आहेत. छपराचे पत्रे किती आले?"

"अजून एकही नाही."

"कोण आहेत ही माणसं?"

"माझे फ्रेंड्स, ऑफिसमधले, आपल्या कॉलनीतले…"

"म्हणजे ओळखीचेच की! लाव फोन."

आणि खरंच सुरू झाली.

"हॅलो, मी मनूची आत्या बोलतेय. तुम्ही बदाम टाकलात, बरं वाटलं. आता सांगा, सिमेंट देता की पांघरुणं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहींनी मला चक्क अनफ्रेंड केलं.

पण बहुतेक जण आधी गोंधळायचे, मग हसायचे, आणि मग हो म्हणायचे.

एकजण म्हणाला, "काकू, माझ्याकडे जुन्या साईटवरच्या खिडक्या पडून आहेत. चालतील?"

"चालतील? पळतील!"

भिंती उभ्या राहिल्या. खिडक्या बसल्या. आणि छपरापाशी सगळं अडलं. पत्रे आणि लोखंड द्यायला कुणी मिळेना. पावसाळा सरला, दिवाळी तोंडावर आली, आणि आमच्या हॉलवर नुसतं आभाळ.

आत्या म्हणाली, "लाईव्ह करू. पाड्यावरूनच. बासरी नको. आणि पोरांचे केविलवाणे चेहरे तर अजिबात नकोत. सीताबाई बोलेल."

सीताबाई पदर खोचून त्या बिनछपराच्या भिंतींपुढे उभी राहिली.

"आमची पोरां आमी संभाळू. रांधू, खाऊ घालू. तुमी फक्त वर छप्पर घाला."

एवढंच बोलली. मागे तिच्या नाती खिदळत होत्या.

लाईव्ह संपतंय न संपतंय तोच फोन. सायखेड्याचे बाळासाहेब, द्राक्षबागायतदार.

"ताई, ही आमच्या यशवंताची आई हे ना? तो न् त्याची बायको दर साली माझ्या बागेत कामाला असत्यात. पोरी शेडपाशी खेळत्यात, मीच त्यांना बिस्किटं देतो. पण त्या शाळा सोडून येत्यात, हे कधी डोक्यातच आलं नाय."

मग म्हणाले,

"पत्रे माझे. लोखंड पण."

त्यांनी तो व्हिडिओ बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पाड्यावरची माणसं ज्यांच्या बागेत राबतात, त्यांच्याच ग्रुपवर!

माझ्या रीलला मुंबई-पुण्याने टाळ्या वाजवल्या होत्या. हा व्हिडिओ सायखेड्याला पोचला. जिथे पोचायला हवा होता, तिथे.

पत्र्यांनी भरलेला ट्रक घाट चढून आला तेव्हा अख्खा पाडा रस्त्यावर होता. यशवंत स्वतः वर चढून बोल्ट आवळत होता, बाळासाहेब खालून पत्रे देत होते, आणि आत्या दोघांवरही ओरडत होती. "डावीकडे घ्या! अरे, डावीकडे!"

दिवाळीनंतर जीपा निघाल्या.

त्यात फक्त मोठी माणसं होती.

मुलं हॉलच्या दारात उभी राहून हात हलवत होती. यशवंताची धाकटी रडली. मग आतून सीताबाईने हाक मारली, "भात झालाय गो!" आणि ती डोळे पुसत आत पळाली.

आत्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की कळवळले.

"जिंकलो गं मनू!"

मला अजूनही क्लायंट विचारतात, चॅरिटीसाठी सोशल मीडिया खरंच चालतो का?

चालतो. मी पाहिलाय. पण पोस्ट टाकून बाजूला झालं तर नाही. त्यानंतर कुणीतरी न लाजता मागावं लागतं, आणि मिळालं की दिलेल्याला कळवावं लागतं. आत्या प्रत्येक पांघरुणाचा फोटो पाठवायची, त्यात गुरफटलेल्या, दात काढून हसणाऱ्या मुलासकट. पुढच्या वर्षी तीच माणसं आपणहून फोन करायची. आता शेजारच्या पाड्यावरही असाच हॉल झालाय.

आज बाळासाहेब आले. यशवंत आणि त्याची बायको त्यांच्याच गाडीतून आली. यशवंताने आत्याला खांदा दिला.

सीताबाई आली नाही. तिचा फोन आला.

"मनू, मला येता नाय आलं गं. पोरां जेवाय बसलीत. त्यांना टाकून कशी येऊ?"

"नको येऊस मावशी. आली असतीस तर आत्याने उठून तुला परत पाठवलं असतं."

ती रडता रडता हसली. मीही.

मग म्हणाली, "ठेवते. पोरां भात मागताहेत."

बेबीआत्या, भरल्या डोळ्यांनी आणि ताठ मानेने तुला निरोप.