उतारावरची सायकल आणि चोवीस रुपये

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मौद्याजवळच्या शाळेत, आणि तेही कापसाच्या वेचणीत अर्धंअधिक बुडालेलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. अक्षर वाईट आहे, ओळी पानाच्या शेवटी खाली घसरतात. ही माफी कोणाची मागते ते मलाच माहीत नाही, कारण वही मी गव्हाच्या कोठीमागे ठेवते आणि तिकडे घरातलं कोणी वाकून बघत नाही.

मला एका माणसाबद्दल लिहायचं आहे. तोंडावर मी त्याला सर म्हणत होते, खाली बघून म्हणत होते. इथं मात्र मी 'तो' लिहिणार. एवढी मोकळीक मी घेतली आहे.

आम्ही नागपुरात महाल भागात दोन खोल्यांत राहत होतो. माझे मालक कापडाच्या गिरणीत होते. त्यांची मोठी बहीण, माझ्या वन्सं, मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि घराचा अर्धा खर्च त्यांच्या पगारावर चालायचा. त्यामुळे घरात भाजी कोणती करायची हेही त्याच ठरवायच्या. त्यांच्या शाळेत तो इतिहास शिकवायचा. थंडीच्या दिवसांत सुटी आली की तो आठ-आठ माणसांना सायकलीवरून जुनं नागपूर दाखवायला न्यायचा. माणशी तीन रुपये घ्यायचा. त्यात सायकलीचं भाडं आलं, आणि त्याचं बोलणं आलं. गळ्यात शिटी असायची. एक शिटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं.

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून एक-दोन दिवसच लोकांना बघू देतात. सव्वीस जानेवारी हा त्यातला एक. त्या दिवशीसाठी शाळेतल्या आठ बाया आणि तो असे निघणार होते. आदल्या आठवड्यात एका बाईंना ताप आला. पैसे भरून झाले होते.

"तू चाल वं," वन्सं म्हणाल्या. "तीन रुपये फुकट जातीन नाही तर. तुले सायकल येते ना?"

मी हो म्हणाले. तिथंच चुकलं.

मला सायकल येत होती ती कैची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात लेकरं बापाच्या उंच सायकलीवर शिकायची. सीटवरून पाय पुरायचे नाहीत, म्हणून उजवा पाय मधल्या दांडीखालून पलीकडे घालायचा, उजव्या काखेत सीट धरायची, डाव्या हातात हँडल, आणि सगळं अंग एका बाजूला लोंबकळत पॅडल मारायचं. थांबायचं म्हणजे डावीकडे उडी टाकायची. मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत अशी चालवली. त्यानंतर कोणी चालवू दिली नाही. सीटवर मी जन्मात बसले नव्हते, आणि बायकांच्या सायकलीला ती दांडीच नसते.

वन्संना हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला एक शब्द बोलायचा तर आधी दहा वेळा मनात म्हणून बघावा लागतो, आणि तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असतं. मालकांना सांगितलं. त्यांनी शेजाऱ्याची सायकल आणली आणि तीन संध्याकाळी मागून कॅरिअर धरून मला मैदानात फिरवलं. सरळ जायला आलं. वळायलाही आलं. थांबायला मात्र आलं नाही. ब्रेक हाताशी असायचा, पण हात विसरायचा आणि अंग आपोआप डावीकडे उडी मारायचं.

"होईन तुले," मालक म्हणाले. "उडी मारून का होईना, थांबते तर खरी."

सकाळी सायकलच्या दुकानासमोर सगळ्या जमल्या. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वन्संना विचारलं, "ह्या कोण?"

"भावाची बायको."

"शिक्षण?"

"चौथी."

"मग यांना काय कळणार? बरं, आठ आकडा पुरा होतो."

मी हँडल धरून तिथंच उभी होते. वांगी कशी दिली असं विचारावं तसं तो माझ्याबद्दल दुसरीला विचारत होता. तेव्हाच तो माणूस माझ्या मनातून उतरला. खरं तर चढलाच नव्हता.

जुम्मा दरवाज्यापाशी पहिली शिटी झाली. सगळ्या बायांनी ब्रेक दाबून एक पाय जमिनीला टेकवला. मी उडी मारली.

"अरे वा! ह्या बाई उतरतात की पडतात?" तो म्हणाला.

"सर, ही सर्कशीतली दिसते," एक बाई म्हणाल्या.

हसल्या सगळ्या. वन्संही हसल्या, आणि त्यांचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. घरी बोलतात ते वेगळं, घरात ऐकणारी भिंत असते. इथं रस्त्यावरचा पानवालासुद्धा हसला.

मग त्यानं दरवाज्याबद्दल सांगितलं. राजांच्या वेळी इथून कोण जायचं, पहारा कसा असायचा, किती हत्ती होते. मी लक्ष देऊन ऐकलं. मला ऐकायला आवडत होतं हे खोटं कशाला लिहू. पण तो आमच्याकडे न बघता, रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा.

किल्ल्यावर गर्दी होती. वरून गिरणीची चिमणी दिसली आणि मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या ओळखीची ती एकच वस्तू होती. तेवढ्यात त्यानं विचारलं, "सकाळी आपण दरवाज्यापाशी काय ऐकलं? पहारा कोणत्या बाजूनं बदलायचा? सांगा बरं, चौथी पास!"

मला उत्तर येत होतं. तासाभरापूर्वीच ऐकलं होतं. पण सात बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी ते मनात म्हणून बघत होते, तोवर त्यानं मान वळवली.

"बघा," तो बायांना म्हणाला. "म्हणून मी म्हणतो, सोबत माणूस आणताना विचार करावा."

खाली आल्यावर तलावाकडे जाताना उतार लागला. तो सगळ्यांत पुढे, त्याच्यामागे मी. मला त्यानंच पुढे घेतलं होतं, म्हणजे माझ्यावर नजर राहील म्हणून. अर्ध्या उतारावर त्याला काय आठवलं कोण जाणे, कडेची जुनी भिंत दाखवायला त्यानं एकदम शिटी वाजवली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

मी डावीकडे उडी मारली. मी उभी राहिले, धडपडले नाही, पदरही सुटला नाही. सायकल मात्र एकटीच पुढे गेली आणि सरळ त्याच्या मागच्या चाकावर बसली. तो सायकलीसकट आडवा. शिटी तोंडातच होती, पडताना वाजली. मागच्या बायांना वाटलं थांबायची खूण आहे, त्या शहाण्यासारख्या थांबल्या.

मला हसू आलं नाही. आज लिहिताना येतं. तेव्हा मला फक्त सायकलीचं पुढचं चाक दिसत होतं, पापड तळताना वळतो तसं वळलेलं. त्याची पँट गुडघ्यावर फाटली होती.

"अडाणी बाई!" तो ओरडला. "ब्रेक नावाची वस्तू माहीत नाही?"

वन्सं माझ्याकडे आल्या. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारतील. त्या म्हणाल्या, "आणलं ना मले खाली चार माणसांत! काहून हो म्हणली होती?"

दुसऱ्या दिवशी वन्संनी निरोप आणला. सायकलवाल्यानं दुरुस्तीचे चाळीस रुपये घेतले, ते सरांनी खिशातून भरले, आता ते त्यांना द्यायचे. चाळीस रुपये! मालकांनी कपाळाला हात लावला. वन्सं म्हणाल्या, "मी नाही देणार. जिनं मोडली तिनं भरावं."

म्हणून मी भरले. इतवारीतल्या एका शिंप्याकडून काज-बटणाचं काम घरी आणायला लागले. शर्टामागे काही पैसे मिळायचे. दुपारभर दारात बसून काज करायची, सुई बोटात घुसायची, आणि महिन्याच्या शेवटी चार रुपये वन्संच्या हातात द्यायची. वन्सं ते शाळेत नेऊन त्याला द्यायच्या. दहा महिने. या दहा महिन्यांत घरात पाहुणा आला की वन्सं ती गोष्ट सांगायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "अजून फेडूनच राहिली." त्यांच्यापुढे मान वर करायची असेल तर ते पैसे फिटायला हवेत, एवढंच मला कळत होतं.

त्या दहा महिन्यांत मी सायकलच्या दुकानासमोरून एकदाही गेले नाही. गिरणीवर दळण न्यायचं तरी मागच्या बोळातून, नालीच्या कडेनं जायची. दुकानदार म्हातारा मुसलमान होता. त्याची सायकल मी मोडली, त्याला तोंड कसं दाखवू?

चाळीस रुपये फिटले त्या आठवड्यात मी ठरवलं की आता सरळ रस्त्यानं जायचं, आणि त्याची माफी मागायची. दुकानापाशी थांबले. वाक्य मनात दहा वेळा म्हणून झालं होतं.

"चाचा, माझ्याकडून तुमची सायकल मोडली होती. पैसे फिटले. पण माफी मागायची राहिली."

त्यानं चष्मा वर केला. "अरे, वो भाभी! इतने दिन किधर थी? उसमें माफी काय की? सोलह रुपये का काम था, मास्टर ने उसी दिन दे दिया."

"किती?"

"सोलह. रिम, चाक की आठ तान, और मेरी मजूरी. तेरे से झूठ काय को बोलूँगा?"

त्यानं भाड्याची वही काढली. मला वाचता येतं. चौथी म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. त्या तारखेला शिटीवाल्या सरांची सही होती, आणि समोर सोळाचा आकडा होता.

घरी येऊन मी वन्संना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाल्या, "चूप राह्य. मले तिथं नोकरी करायची आहे. चोवीस रुपयांसाठी तू माझ्या पोटावर पाय देशील?"

"पोट माझंही आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी मनात एकदाही म्हणून बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो नवी आठ माणसं घेऊन दुकानासमोर उभा होता. चांगल्या घरची माणसं होती, रामदासपेठेतली, एकाच्या गळ्यात कॅमेरा. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्याच्या शिटीकडे बघत बोलले.

"सर, माझे चोवीस रुपये द्या."

"कसले? बाई, घरी या, घरी बोलू."

"घरी नाही, इथंच. चाचांनी सोळा घेतले. तुम्ही चाळीस सांगितले."

म्हाताऱ्यानं न सांगताच वही उघडून गल्ल्यावर ठेवली. कॅमेरावाला माणूस वाकून वाचायला लागला.

तो हळू आवाजात म्हणाला, "माझी पँट फाटली होती. टेरिलिनची. ती कोण भरणार?"

"मग पँटीचे म्हणून मागायचे होते. मी रफू करून दिली असती. सायकलीचे म्हणून काहून घेतले?"

"मला मार लागला तो?"

"उताराच्या मधात कोण थांबते, सर? तुम्ही तर शिकलेले."

कोणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही. त्यानं पाकीट काढलं आणि दहाची नोट पुढे केली. बाकीचे पुढच्या महिन्यात म्हणाला. मी नोट घेतली आणि म्हाताऱ्याला सांगितलं, "चाचा, लिहा. दहा आले, चौदा राहिले." म्हाताऱ्यानं लिहिलं. शिटीवाल्याला सही करायला लावली.

वन्सं माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मालक मध्ये पडले नाहीत, पण एकदा जेवताना वन्संना म्हणाले, "बाई, तिचे पैसे तुमच्या हातानं गेले, आता तुमच्याच हातानं येऊ द्या." वन्सं ताट घेऊन उठल्या. पण पुढच्या महिन्यात शाळेतून आल्या आणि सात रुपये माझ्या शिवणाच्या टोपलीत टाकून आत गेल्या. पाहुण्यांना सायकलीची गोष्ट सांगायचंही त्यांनी थांबवलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात उरलेले सात आले. एक पाचाची नोट, दोन एकाच्या. वन्सं म्हणाल्या, "मोजून घे." मी त्यांच्यासमोर मोजून घेतले. बरोबर होते. मग दुकानात जाऊन म्हाताऱ्याच्या वहीत चौदाच्या आकड्यावर रेघ मारून आले.