जारिकचं घर

कोरी फळी कार्सिदीला बघवत नसे. जेपारा गावात घरटी एक सुतार आणि दोन घरांत मिळून एक नक्षी कोरणारा, त्यामुळे तिथल्या कुणालाच ती फारशी बघवत नाही. पण कार्सिदीचं जरा जास्तच होतं. कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारावरही त्याने वेल कोरली होती. गल्लीतली लहानथोर माणसं त्याला 'पाक' म्हणत, म्हणजे वडीलधारा. त्याची बायको रुमिनी मात्र त्याला मनाला येईल ते म्हणे, आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर असे. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला लग्नापासून दारं नव्हती, नुसता पडदा होता. "एवढी ऑर्डर उरकली की करतो" हे वाक्य ऐकून तिला बत्तीस वर्षं झाली होती.

पाच वर्षांपूर्वी सागाच्या एका पोकळ ओंडक्यात कार्सिदीला अजगराचं पिल्लू सापडलं. अंगावर अस्सल बाटिकची नक्षी होती. रुमिनी कमरेला जे बाटिक लुगडं नेसते, त्याला जारिक म्हणतात. तेच नाव पिल्लाला मिळालं. आता जारिक चार मीटर लांब आणि माणसाच्या मांडीएवढी जाड झाली होती, आणि तिचा पिंजरा मात्र तोच जुना, लोखंडी जाळीचा. जाळीवर घासून घासून तिचं नाक सोललं. कात निघाली तीही चिंध्याचिंध्या होऊन. दोन महिने तिने कोंबडीला तोंड लावलं नाही.

गावातल्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळात विदुरी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती येऊन बघून गेली आणि स्पष्टच बोलली, "पाक, हिला मोठं घर हवं. महिनाभरात खाल्लं नाही, तर मी हिला समारांगला आमच्या मोठ्या आवारात नेईन. रागावू नका."

कार्सिदी रागावला नाही. नुसता घाबरला. जारिक नसलेली पडवी त्याला डोळ्यांसमोर आणवेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याने जपून ठेवलेला जुना साग बाहेर काढला आणि अठरा दिवस मान वर केली नाही.

काय घर झालं! लांबीला अडीच मीटर, आत पोहायला टब, खाली नारळाचा भुसा. आणि चारही बाजूंना आरपार जाळीचं कोरीवकाम: मोर, वेली, डाळिंबं, पानाच्या टोकाला पान. नवं घर म्हटल्यावर स्लामेतानची पंगत हवीच. पिवळ्या भाताचा सुळका झाला, मौलवींनी दुआ म्हटली, सगळी गल्ली जेवायला आली. प्रत्येकाने सागावर टकटक करून पाहिलं.

"पाक, माझ्या मुलीच्या लग्नात एवढा पलंग नव्हता हो!" शेजारचा परमिन म्हणाला.

"तुझ्या मुलीने नाक सोलून घेतलं होतं का?" कार्सिदी म्हणाला. त्या दिवशी त्याची छाती दोन बोटं फुगली होती.

जारिक मात्र एका कोपऱ्यात घट्ट वेटोळं करून बसली, ती बसलीच. आठ दिवस गेले. कोंबडी ठेवली, तिने तोंड फिरवलं. भुसा दुपारपर्यंत खडखडीत वाळून जाई. महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा विदुरी पुन्हा आली. तिने मोरांना हात लावून "वा" म्हटलं, मग उकिडवी बसून कितीतरी वेळ जारिककडे बघत राहिली.

"पाक, एक विचारू? हे मोर कुणासाठी कोरलेत?"

"म्हणजे काय, तिच्यासाठीच!"

"तिला ते दिसत नाहीत. तिला दिसतात चारी बाजूंनी भोकं आणि भोकांतून बघणारी माणसं. तिला हवा अंधार आणि ओल. इथे सगळी ओल तुमच्या डाळिंबांतून बाहेर जाते."

कार्सिदीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पन्नास वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो कारखान्यात जाऊन तोंड फुगवून बसला. तिथे भिंतीशी खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, परदेशी जाणारा माल भरतात तसल्या, खडबडीत आणि कोऱ्या. बराच वेळ तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि घरी येऊन त्याने मोरांचे खिळे उपटायला सुरुवात केली. रुमिनी एकेक जाळी हातात घेत गेली.

तीन बाजूंना कोऱ्या फळ्या बसल्या, वर श्वासापुरती बारीक भोकं. समोर छोटी काच, तिच्यावर रुमिनीचं जुनं जारिक लुगडं पडदा म्हणून. आत एक बुटकी पेटी, अंग मावेल एवढीच, ओला भुसा भरलेली. जारिक सरसर त्या पेटीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

दोन दिवस कार्सिदीचा जीव टांगणीला. तिसऱ्या संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, त्याने कापलेली कोंबडी काच सरकवून लांब चिमट्याने पडद्याखालून आत धरली. पेटीतून आधी जीभ आली. मग धाडकन आवाज झाला आणि चिमटा त्याच्या हातातून उडाला.

"खाल्लं! अगं ए, खाल्लं!" तो अंगणभर नाचला. परमिन शेजारच्या अंगणातून धावत आला, विदुरीला फोन गेला, आणि साठी उलटलेला तो माणूस पायरीवर बसून खुशाल रडला.

आठवड्याने जारिकच्या पोटाचा फुगवटा उतरला, कात निघाली, तीही डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. त्या सकाळी कार्सिदी कौतुकाने तिच्या घराजवळ बसला होता. कोऱ्या फळीवरून त्याचा हात फिरत होता. कोपऱ्यात एक फूल, अगदी एवढुसं, आरपार नाही, नुसतं वरवर... त्याने खिशातून बारीक पटाशी काढली.

रुमिनीने ती मागून अलगद काढून घेतली.

"तिला असंच आवडतं," ती म्हणाली. "इकडे या."

स्वयंपाकघरातला पडदा गेला होता. कपाटाच्या वरच्या दोन खणांवर मोर बसले होते, डाळिंबांतून बरण्या दिसत होत्या. एक जाळी चार बोटं लांब पडून खणाबाहेर आलेली, ती सुतळीने बांधलेली. रुमिनीने सगळं स्वतःच ठोकलं होतं, आणि वाकडंच ठोकलं होतं.

"आधी कोंबड्यांना मिळालं, मग सापाला," ती म्हणाली आणि पटाशी त्याच्या हातात परत ठेवली. "खालचा खण अजून उघडा आहे. हात शिवशिवत असेल तर तिथे बसा."

कार्सिदी तिथेच खाली बसला आणि फळीचं माप घेऊ लागला.