जयवंतीबाईंच्या वहीतले व्यायाम

शनिवार, १४ जून २०२५. दूध ६.१० ला. अवनीचे व्यायाम ७.०५ ते ७.१५ (ठरलेला वेळ अर्धा तास). देवेश ते घेताना फोनवर बोलत होता. दुपारी चार वाजता सुप्रीताकडे जाणे.

जयवंतीबाई कॉन्व्हेंटात पाचवीत असल्यापासून रोजनिशी लिहीत. लिहायचं तर सगळं लिहायचं, आपलं मत सोडून, अशी सिस्टरांची शिकवण होती. पंचाहत्तरीला आल्या तरी ती मोडली नव्हती. यजमान गेले त्या दिवशीसुद्धा धोब्याकडचे कपडे लिहून झाले होते.

त्यांची नात अवनी सहा वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून पाय ताठ आणि उजवा हात आपल्या मर्जीचा. बोलणं थोडं, पण नेमकं. तिच्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. सून अदिती नाशिकची, इंटरनेटवर जागरणं करून वाचणारी. तिला अवनीला तीन महिने बेंगळुरूला न्यायचं होतं. तिथल्या एका केंद्रात रोज पाच तास स्नायू ताणून घेत. तिचा नवरा देवेश याचं म्हणणं, इथल्याच जयलक्ष्मीपुरमच्या थेरपिस्ट सुप्रीताचीच पद्धत बरी. मुलाला जे करायचं असेल तेच त्याच्याकडून करून घ्यायचं. जेवताना एक स्नायूंवर बोले, दुसरा मेंदूवर, आणि मधे सारू-भात गार होई. नात बेंगळुरूला गेली तर घर खायला उठेल, हे जयवंतीबाई कोणाला बोलल्या नव्हत्या. ते मत झालं.

चार वाजता सगळे पोचल्यावर सुप्रीताने आधी एवढंच विचारलं, की घरचा अर्धा तास नेमाने होतो का. नवराबायको महिनाभरात पहिल्यांदा एकमताने म्हणाले, "रोज." काही नोंद आहे का, असं तिने विचारताच जयवंतीबाईंनी पिशवीतून वही काढली आणि चष्मा पुसून वाचायला लागल्या.

"तीन एप्रिल. अदितीची मीटिंग. व्यायाम नाही. चार एप्रिल. देवेश झोपला. व्यायाम नाही. अदितीने विचारल्यावर 'झाला' म्हणाला."

"अम्मा, साकु, पुरे आता," देवेश म्हणाला.

"साकु कसं रे? अजून मे बाकी आहे."

अदिती नवऱ्याकडे बघायला लागली, तोवर सात एप्रिल आला आणि तीही जमिनीकडे बघायला लागली. सुप्रीताने हसू गिळलं. या घरात अजून कुठलीच पद्धत करून पाहिलेली नाही, असं तिने सौम्यपणे सांगितलं. मग विचारलं, अवनीने आपणहून काही केल्याचं आहे का त्यात.

होतं की. जयवंतीबाई हौसेने वाचू लागल्या. "नऊ एप्रिल. मोजा घालत होती, अकरा मिनिटं. मी घालून दिला. बारा एप्रिल. कोडबळ्यांच्या डब्याचं झाकण, बावीस मिनिटं. मी उघडून दिलं. पंधरा एप्रिल. वेणीची रिबन. मी..."

त्या थांबल्या. पुढची पानं त्यांनी मनातच वाचली. प्रत्येक ओळीचा शेवट तोच होता, आणि तो त्यांच्याच सुबक अक्षरात होता.

सुप्रीताने अवनीला विचारलं, "तुला काय यायला हवं?"

अवनीने वेळ घेतला. "डबा," ती म्हणाली. "मी. अज्जी बेड."

म्हणजे आजी नको. मग अदिती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत इथेच करू. पण खरं करू. बेंगळुरूचं मग बघू. आणि आई, वही तुमच्याकडेच राहू दे. देवेशच्या हातात नको."

"तुझ्याही नको," जयवंतीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी अवनी डबा मांडीत घेऊन बसली. जयवंतीबाई समोर खुर्चीवर, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. झाकण तीनदा निसटलं, तिन्ही वेळा अदितीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एकतिसाव्या मिनिटाला डबा उघडला आणि उपडा झाला. अवनीने फरशीवरचं एक कोडबळं डाव्या हाताने उचललं आणि आजीला न देता खाल्लं.

जयवंतीबाईंनी वेळ लिहिली, आणि ओळ तिथेच संपवली. खाली लिहिलं: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मुंग्या. हळद टाकली.