कोसाडच्या खाणावळीतलं तेल

कोसाडच्या त्या प्रकरणाबद्दल लोक अजून माझी पाठ थोपटतात. तेव्हा मला मान वर करवत नाही.

सुरतेत मी पोलीस निरीक्षक होतो. एके सकाळी हजेरी आटोपली, तोच चाळिशीची एक बाई ठाण्यात आली. धुळ्याकडची. कापडाच्या लूमवरच्या कामगारांसाठी ती शहराच्या कोसाड भागातल्या आपल्या घरी खाणावळ चालवायची. तिच्या हातात तेलाची बाटली होती.

"साहेब, हाई तेल चांगलं नही शे," ती म्हणाली. "कढईत फेस येतो, जळका वास येतो, घसा धरतो. दुकानदार ऐकत नाही. तुम्ही एकदा विचारा ना त्याला."

माझं घरही खानदेशातलं. आपला माणूस समजून ती घरच्या बोलीत बोलली होती. मला बंदोबस्ताची घाई होती. "तेल खराब असेल तर दुकान बदला, बाई. हे पोलीस ठाणं आहे, किराणा नाही," मी म्हणालो. हवालदार हसले. बाटली पदराखाली घेऊन ती गेली. स्टेशन डायरीत नोंद केली नाही.

तिने खरंच दुकान बदललं. तिथलं सुटं तेल दिसायला अगदी स्वच्छ होतं.

दोन आठवड्यांत तिच्याकडे जेवलेले नऊ कामगार उलट्या आणि पोटदुखीने रुग्णालयात दाखल झाले. एकाची प्रकृती गंभीर होती. वरून फोन सुरू झाले. मी पंचनामा केला, उरलेलं तेल जप्त केलं आणि महिला पोलिसांकरवी तिला अटक केली. चौकशीत ती एवढंच म्हणाली, "मी तुमच्याकडे आले होते, साहेब."

"विषय बदलू नका," मी दरडावलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. तो पाहून इच्छापोरच्या, वापरलेल्या तेलाचं इंधन बनवणाऱ्या बायोडिझेल कारखान्यातल्या एका केमिस्टचा मला फोन आला. "साहेब, बाईला सोडा. आधी तेल तपासा."

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना घेऊन मी त्याच्या कारखान्यात गेलो. केमिस्टने दोन भांड्यांत तेल घेतलं, एकात ताजं आणि दुसऱ्यात जप्त केलेलं. दोन्हींत रंगसूचक द्राव टाकून तो थेंब थेंब कॉस्टिकचं पाणी सोडू लागला. ताजं तेल लगेच गुलाबी झालं. दुसऱ्यात थेंब पडत राहिले, रंग येईना.

"तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातली चरबी तुटते, आम्ल सुटतं. ते आम्ल आधी हे थेंब खातं, म्हणून रंग येत नाही," तो म्हणाला. "असल्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला तर आमच्याकडेसुद्धा डिझेलऐवजी साबण होतो. आधी आम्ल काढावं लागतं, मग ते इंजिनात चालतं. तसंच पोटात गेलं तर असलं तेल आतडी जाळतं, रोज खाल्लं तर हृदय आणि यकृतही बिघडतं. फरसाणवाल्यांकडचं जळकं तेल उचलणारा एक कंत्राटदार आहे. आमच्याकडे आणतो असं सांगतो, पण बरेच दिवस तो फिरकलेला नाही."

त्या कंत्राटदाराचं गोदाम चलथाणच्या रस्त्यावर निघालं. आत काळ्या तेलाची पिंपं आणि पांढऱ्या मातीची पोती होती.

"ही माती कशाला?"

"फरशी पुसायला, साहेब."

खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपण्याआधी उत्तर देतो, हा माझा अनुभव. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि गप्प बसलो. शांतता त्याला सोसेना. मातीतून गाळलं की काळं तेल पिवळं होतं, मग ते सुटं तेल म्हणून दुकानांत जातं, असं सगळं त्याने सांगून टाकलं. वर म्हणाला, "साहेब, लोक रंग बघतात. वास कोण घेतो?"

जबाब लिहिता लिहिता माझा पेन थांबला. एका बाईने वास घेतला होता आणि ती थेट माझ्याकडे आली होती.

तिची सुटका झाली. कामगारही वाचले. पत्रकार परिषदेत मी 'गुप्त माहितीच्या आधारे' असं ठोकून दिलं. अहवालात तिच्या पहिल्या फेरीचा उल्लेख टाळला. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. तिच्या खाणावळीत मात्र पुन्हा कुणी जेवायला बसलं नाही.

निवृत्तीनंतर मी दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरी गेलो. ती साड्यांवर टिकल्या चिकटवत होती. मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं."

तिने हातातलं काम थांबवलं नाही. "हे इथं नका बोलू, साहेब. मला तर माहीतच आहे. खाली जा आणि सगळ्यांसमोर बोला."

मी खाली उतरलो. बायका पाणी भरत होत्या, ओट्यावर चार माणसं बसली होती. कुणीतरी मला ओळखून नमस्कार केला. मी नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसलो.

ठाण्याची पायरी चढण्याआधी गरीब माणूस दहा वेळा विचार करतो, त्यामुळे त्याची कोणतीच तक्रार क्षुल्लक नसते. एवढं या प्रकरणाने मला शिकवलं. माझ्याविषयी जे शिकवलं ते सांगणं अवघड आहे. अट्टल गुन्हेगारांकडून मी कबुलीजबाब घेतले. स्वतःचा द्यायची वेळ आली तेव्हा मी लोकांऐवजी हा कागद निवडला, आणि त्यावरही ना तिचं नाव घातलं, ना माझं.